बिगरीच्या पोरांनी तुडवलेले खळे

सन १९३६, कार्तिक महिना, वद्य पंचमी. रक्कम दीड रुपया. जागा गावची चावडी. हजर माणसे अशी: पाटील, शाळेवर देखरेख ठेवायला गावाने नेमलेले दोन म्हातारे, बिगरीच्या वर्गाचे गुरुजी, माझा चुलतभाऊ आणि मी. तक्रार माझी होती.

तक्रार एवढीच, की माझ्या चुलतभावाने आपले भाताचे खळे शाळेतल्या लहान मुलांकडून फुकट तुडवून घेतले. तेव्हा त्याची मजुरी त्याने शाळेला द्यावी. खळे तुडवायला चार माणसे दोन दिवस लागतात. माणशी रोज तीन आणे. म्हणजे चोवीस आणे, म्हणजे दीड रुपया. चावडीत कुणी हा हिशेब चुकीचा म्हटला नाही. त्याला आता दहा वर्षे होऊन गेली; मीही तो चुकीचा म्हणत नाही.

आमचे गाव उत्रोलीच्या पलीकडे. सगळा भाताचा मुलूख. तेव्हा शाळेला इमारत नव्हती, मारुतीच्या देवळात भरे. पहिलीपासून चौथीपर्यंतची मुले आत सभामंडपात थोरल्या गुरुजींकडे, आणि बिगरी, म्हणजे अक्षरओळख व्हायची असलेली पोरे, बाहेरच्या ओसरीवर. माझा धाकटा मुलगा बिगरीत होता. तो दोन वर्षे बिगरीतच होता. चुलतभावाचा मुलगा त्याच्याच वयाचा, एकाच महिन्यात जन्मलेला. तो दुसरीत बसू लागला होता.

मुलाचे डोके कमी नव्हते. त्याला बसताच येत नव्हते. मी त्याला संध्याकाळी अंगणात समोर बसवून चिंचोके मोजायला शिकवीत असे. सात चिंचोक्यांपर्यंत तो बरा येई. आठवा उचलायच्या आत वासरू हंबरले, कोंबडी फडफडली, की तो उठलाच. चापट मारली की बसे, पण मग मोजणे पुन्हा एकपासून. मी घरात सांगून ठेवले होते, की यंदा हा पहिलीत गेला नाही तर शाळा बंद. पाटी माळ्यावर आणि पोरगा शेळ्यांमागे. त्या दिवसापासून त्याची आई मारुतीला शनिवारी तेल घालू लागली.

त्या वर्षी बिगरीला नवे गुरुजी आले. वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीचे. घरी मेंढरे आणि गुरे. हा एकटाच शिकलेला. वय बाविशीच्या आसपास, अंगाने काटकुळे, चालताना मात्र चढ चढत असल्यासारखे पुढे वाकून चालत. पहिले पंधरा दिवस त्यांनी सगळे करतात तेच केले, म्हणजे छडी. मग छडी खांबाच्या कोनाड्यात ठेवली आणि दुसरेच काही सुरू केले. एक धडा झाला की पोरांना उठवायचे, ओसरीवरून खाली उतरवायचे, घटकाभर पळवायचे, नाचवायचे, उड्या मारायला लावायच्या. मग पाय धुवायला लावून पुन्हा पाटीवर बसवायचे. असे सकाळी दोनदा आणि दुपारी दोनदा.

पण पळवणार कुठे? देवळाचे आवार फरसबंदी, त्यात दीपमाळ, पार, आणि पारावर गावातली रिकामी माणसे. आवाराच्या गडग्याला लागून माझ्या चुलतभावाचे रान. मुरमाड, थोडे उंचावरचे, पाणी न साचणारे. त्याचे खळे तिथेच होते. नुकतेच त्याने ते नव्याने करायला घेतले होते. जुनी जमीन खणून, वर तांबडी माती घालून, पाणी शिंपडून ठेवले होते. आता ते तुडवायचे, चोपायचे आणि शेणाने सारवायचे राहिले होते. गुरुजींनी त्याला विचारले, पोरे इथे जरा नाचली तर चालेल का. तो म्हणाला, "तुडवायलाच मान्सं बघत हुतो. येऊ द्या की."

हे वाक्य त्याने पाच माणसांत म्हटले होते. माझी पुढची सगळी तक्रार याच वाक्यावर उभी होती.

मला हे कळले ते मुलामुळे. एका संध्याकाळी मी न बोलावता तो पाटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसला आणि पुस्तकातले अर्धे पान वाचून दाखवले. बोट ठेवून, अडखळत, पण न उठता. वासरू दोनदा हंबरले. त्याने तिकडे पाहिले आणि पुन्हा पुस्तकात पाहिले. मी विचारले, हे कुठून आले. तो म्हणाला, गुरुजी आम्हांला बैल करतात, मग बसवतात.

दुसऱ्या दिवशी मी देवळात जाऊन सभामंडपाच्या खांबाआड उभा राहिलो. धडा संपत आला होता. एक पोरगा बसायच्या तरटाचे दोरे उपसत होता. एकजण शेजाऱ्याच्या पाटीवर थुंकी लावून पुसत होता. माझा मुलगा आढ्यावरच्या पालीकडे पाहत होता. गुरुजींनी टाळी वाजवली आणि ओसरी रिकामी झाली. खळ्याच्या मध्यावर तिवडा रोवलेला होता. मळणीच्या वेळी बैल ज्या खांबाभोवती फिरवतात तो. गुरुजींनी पोरांना हात धरून एका रांगेत उभे केले. सगळ्यांत लहान ते तिवड्याशी, सगळ्यांत दांडगे ते बाहेरच्या टोकाला. रांग फिरू लागली. आतले पोर जागच्या जागी गिरकी घेई, बाहेरच्याला मात्र जीव तोडून पळावे लागे. मग उलट्या अंगाने. मग बेडकासारख्या उड्या. मग एका जागी उभे राहून थपथप पाय आपटणे. शेवटी रांगेने पाय धुऊन परत ओसरीवर.

त्यानंतर ओसरीवर पाटीवरच्या पेन्सिलींचाच काय तो आवाज होता. माझ्या मुलाने मान वर न करता पाटी भरली. मला आनंद झाला. तो किती टिकला तेही सांगतो. ओसरीच्या पायऱ्या उतरून गडग्यापर्यंत जाईपर्यंत टिकला.

गडग्यापाशी उभे राहिल्यावर मला खळे दिसले. मी जन्मभर भात पिकवले आहे, खळी पाहिली आहेत. मजूर तुडवतात तेव्हा टाचांचे खड्डे राहतात. बैल फिरवले तर खुरांचे. मग चोपण्याने चोपून चोपून ते बुजवायचे. हे खळे तव्यासारखे होते. पोरांची पावले लहान, वजन हलके, आणि नाचण्याला काही धरबंध नसल्याने एक बोटभर जागा सुटलेली नव्हती. भेग नाही, खळगा नाही. शेणाचा एक हात फिरवला की काम संपले.

चुलतभाऊ बांधावर तंबाखू मळत बसला होता. मला म्हणाला, "काय रं तात्या, पोराला बघाय आलास का खळं बघाय आलास?"

मी म्हणालो, पोराला.

"मंग पोरगं तिकडं हाय की वसरीवर."

त्याच्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. तो माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा. सहा महिन्यांपायी मला जन्मभर त्याला दादा म्हणावे लागले. आमच्या वडिलांनी वाटणी केली तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या होत्या. चिठ्ठी मीच उचलली, माझ्या हाताने. देवळाच्या एका अंगाचे मुरमाड रान त्याच्याकडे गेले, दुसऱ्या अंगाचे खाचर माझ्याकडे आले. खाचरात भात जास्त येते, म्हणून त्या दिवशी लोक मला नशीबवान म्हणाले. पण नंतर पाहावे तर त्याच्या बांधावरचा आंबा दरवर्षी फळे आणि माझा वर्षाआड. त्याच्या घरी माणसे बसायला जात. माझ्याकडे हिशेब विचारायला येत. देवळाच्या वर्गणीचा हिशेब माझ्याकडे होता आणि त्यात पैची चूक कधी निघाली नाही. पण वर्गणी गोळा करायला जायचे तर लोक दादाला पुढे घालत. आणि आता माझा मुलगा, ज्याला मी दोन वर्षे समोर बसवले, तो याच्या जमिनीवर नाचून शहाणा होत होता.

घरी जेवताना मुलाच्या तोंडी दुसरा विषय नसे. खळ्यावर पळाले की थोरली काकी मडक्यातून ताक देते. थोरले काका म्हणतात मी बाहेरचा बैल. बाहेरचा बैल म्हणजे सगळ्यांत दांडगा. मी विचारले, आपल्या घरचे ताक काय वाईट आहे? तो म्हणाला, पळून आल्यावर चांगले लागते ते. बायको तव्याकडे तोंड करून म्हणाली, "आता ताकाचा बी हिशेब लावा."

गावात खळ्याची चर्चा सुरू झाली. किकवीकडून आलेला एक पाहुणा मुद्दाम ते पाहून गेला. माझे स्वतःचे खळे ओढ्यापलीकडे होते. ते तुडवायला त्या वर्षी मी मजूर सांगितले होते आणि ते येत नव्हते, कारण कापणीला चार पैसे जास्त मिळत होते. दादाचे काम मात्र ताकावर झाले. मग मी पाटलांकडे गेलो.

चावडीत पाटलांनी प्रथम गुरुजींना विचारले, की शाळेच्या वेळात पोरे कामाला लावता हे खरे का. गुरुजी उभे राहिले. काम म्हणून लावले नाही, ते म्हणाले. खळे नसते तर ओढ्याच्या वाळूत नेले असते, पण तिथे जाण्यायेण्यात धडा बुडतो. मग पाटलांनी विचारले, की मुळात उठवायचे कशाला? पोरे शाळेत बसायला येतात.

गुरुजी म्हणाले, "पाटील, आमच्याकडं वासरू दावणीला दिसभर बांधून ठेवत न्हाईत. दावं तोडतंय, न्हाईतर खुटा उपटतंय. घटकाभर मोकळं सोडलं की मंग आपनहून येऊन हुबं ऱ्हातंय. ह्या पोरांचं वय वासराचं हाय. पयला धडा ती ऐकत्यात. दुसरा निस्ता त्यांच्या कानावरनं जातो. मधी पळवली की दुसरा बी ऐकत्यात. एवढंच."

एक म्हातारा म्हणाला, मग मजुरीच धरायची तर माझ्या नातवाची अर्धीच धरा. तो निम्मा वेळ पडलेलाच असतो. लोक हसले. मी हसलो नाही. मी म्हणालो, की पोरे पळावीत का बसावीत हा गुरुजींचा प्रश्न; माझा प्रश्न एवढाच, की ज्याचे काम झाले त्याने पैसे द्यावेत. आणि दादाने स्वतः पाच माणसांत म्हटले आहे, की तुडवायलाच माणसे बघत होतो.

दादाने नाकबूल केले नाही. त्याने कनवटीची पिशवी सोडली, एक रुपया आणि आठ आणे मोजून घोंगडीवर ठेवले. पाटलांनी निकाल दिला: या पैशांतून बिगरीला बसायला दोन नवी तरटे घ्यावीत, आणि इथून पुढे शाळेच्या पोरांनी कुणाच्याही खळ्यावर पाय ठेवू नये, भांडणाचे मूळ नको. मी मागितले होते ते मिळाले, आणि न मागितलेलेही मिळाले.

चावडीच्या पायऱ्या उतरताना दादा माझ्या शेजारी आला. म्हणाला, "दीड रुपयात असलं खळं कुनाला मिळतंय, तात्या? सस्तं पडलं."

त्या रात्री मला जेवण गेले नाही. मी जिंकून आलो होतो आणि खळे तरीही त्याचेच होते.

पुढच्या पंधरवड्यात शाळेत काय झाले ते मी पाहिले. गुरुजींनी पोरांना ओसरीवरच उठाबशा काढायला लावून पाहिले. आत थोरल्या गुरुजींचे वर्ग. धपधप आवाजाने चौथीची मुले हसू लागली, म्हणून तेही बंद झाले. दुसऱ्या धड्याला पोरे नव्या तरटांचे दोरे उपसू लागली. दीड रुपयाची तरटे आठ दिवसांत कडेने झालरीसारखी झाली. माझा मुलगा पुन्हा पालीकडे पाहू लागला. घरी चिंचोके पुन्हा सातावर थांबले. एके दिवशी त्याच्या तळहातावर वळ होता. कोनाड्यातली छडी खाली आली होती. त्याच्या आईने वळाला तूप लावले आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात मुलालाच सांगितले, की शेळ्या काही वाईट नसतात रे बाबा, त्या मारत नाहीत.

मार्गशीर्षाच्या शेवटी शाळा तपासायला भोरहून साहेब यायचे होते. गावात त्यांना दिपोटी म्हणत. बिगरीतून पहिलीत कोण जाईल ते त्या दिवशी ठरणार होते. मी देवळात जाऊन गुरुजींना विचारले, की माझ्या पोराचे कसे काय.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "तात्या, पोरगं हुशार हाय. बांधलेत ते त्याचं पाय, डोकं न्हाई. पर पाय बांधलं, की डोकं बी पायाकडंच लागून ऱ्हातंय." जागेसाठी पाटलांना दोनदा विचारले, एवढे सांगून ते पाटीवर कित्ता घालू लागले.

त्यानंतर दोनच दिवसांनी हजामत करून घेताना मला कळले, की दादाने गुरुजींना निरोप धाडला आहे. आपली मळणी उरकली की खळे पावसाळ्यापर्यंत शाळेला घ्या. पाटलांचे मी बघतो, असा. न्हावी म्हणाला, दादांचे मन मोठे.

हे मला सोसवेना. माझा मुलगा पहिलीत जावा हे तर मला हवेच होते; पण तो दादाच्या खळ्यावरून जावा, आणि मग पन्नास वर्षे गावाने म्हणावे, की तात्याच्या पोराला दादाने शिकवले, हे नको होते. अर्धी दाढी झाली होती. उरलेली तशीच टाकून मी उठलो आणि गुरुजींकडे गेलो. म्हणालो, देवळाच्या दुसऱ्या अंगाला माझे खाचर आहे, भात कापून झाले आहे, ते आजपासून घ्या. रान माझे आणि तक्रार करणाराही मीच, म्हणजे पाटलांना बोलायला जागा नाही. मी तिथे यंदा खळे करणार आहे. पोरांनी त्यावर हवे तेवढे नाचावे.

गुरुजींनी माझ्या अर्ध्या दाढीकडे पाहिले आणि विचारले, खाचरात खळे?

घरी बायकोनेही तेच विचारले. "खाचरात खळं? भात मळायचं हाय का रुजवायचं?"

मी कुणाचे ऐकले नाही. माझा समज असा झाला होता, की खळ्याची करामत पोरांच्या पायांत आहे. दादाच्या जमिनीत काय आहे हा विचारच मी करत नव्हतो, कारण दादाच्या जमिनीत काही चांगले असावे हे मला मान्य नव्हते. ओढ्यापलीकडच्या खळ्याचे मजूर अखेर आले होते, ते मी परत पाठवले. खाचरातले धसकट काढून, पाणी शिंपडून, मधोमध तिवडा रोवला. तो मी दादाच्या तिवड्यापेक्षा हातभर उंच घेतला.

पोरे आली. पुन्हा रांग फिरू लागली, आतले गिरकी घेणारे, बाहेरचे पळणारे. गुरुजींनी छडी कोनाड्यात ठेवली. चार दिवसांत ओसरीवर पेन्सिलींचा आवाज येऊ लागला. मी रोज काहीतरी निमित्त काढून तिकडून जाई. दोन-तीनदा मी बायकोला ताकाचे मडके घेऊन पाठवले. पोरे ते प्याली. माझ्या मुलाला मी विचारले, ताक कसे आहे. तो म्हणाला, काकीच्यात मीठ असते.

खळे मात्र होईना. खाचरातली माती काळी, चिकट, भाताचे पाणी धरून ठेवायला चांगली. ओली असताना पोरांच्या पायांनी ती गुळगुळीत झाली, आणि ऊन लागताच फाटली. बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. मी माती भरली, पाणी मारले; पुन्हा पोरे, पुन्हा ऊन, पुन्हा भेगा. तिसऱ्या वेळी गुरुजींनी भेगांचाच खेळ केला. भेग म्हणजे नदी. नदीत पाय पडेल तो बाद. पोरे आता एका पायावर भेगा ओलांडू लागली आणि त्यांना ते दादाच्या सपाट खळ्यापेक्षा जास्त आवडले. गुरुजी मला म्हणाले, की याने तर पोरांचे लक्ष आणखी पक्के झाले; पाय कुठे टाकायचा ते बघावे लागते. त्यांना हे चांगले वाटत होते. मी माझ्या खळ्याच्या भेगा मोजत उभा होतो.

दिपोटी आले त्या दिवशी पालकही देवळात जमले होते. दादाही होता, त्याचा मुलगा दुसरीत होता, बिगरीच्या ओसरीपाशी थांबायचे काही कारण नव्हते, तरी होता. बिगरीची सोळा मुले ओसरीवर बसली. साहेब दुसऱ्या वर्गांना वेळ लावून आले होते, म्हणून गुरुजींनी अदबीने विचारून पोरांना आधी खाचरात नेले आणि भेगा ओलांडून आणले. साहेब खुर्चीवर बसून पाहत होते. मग त्यांनी एकेकाला उभे केले.

माझ्या मुलाने वाचले. मग साहेबांनी फळ्याखालचे खडे दाखवून मोजायला सांगितले. तो मोजू लागला, "लाभ, दोन, तीन, चार—"

आत चौथीची मुले हसली. आमच्याकडे राशीवर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पण ते खळ्यावर. शाळेत नव्हे. साहेबांनी हात वर करून विचारले, की लाभ म्हणजे काय.

"पयलं," मुलगा म्हणाला. "खळ्यावर येक म्हनायचं नसतं. मंग रास वाढत न्हाई. थोरल्या काकांनी शिकीवलंय. फेऱ्या मोजताना."

"आणि शाळेत?"

"शाळंत येक."

"मग शाळेतले मोज."

त्याने एकपासून सुरू केले. सात आले, आठ आले. देवळात कुणीतरी घंटा वाजवली, पारावर कुणी खोकले. त्याने मान वळवली नाही. खडे संपले तरी तो बोटांवर पुढे जात राहिला, आणि शंभराला साहेबांनीच त्याला थांबवले. तो पहिलीत गेला. त्याची आई गाभाऱ्यापाशी उभी होती, तिने पदराने डोळे पुसले.

साहेब गुरुजींना म्हणाले, की पोरांना मैदान चांगले मिळाले आहे. कुणाचे म्हणून विचारल्यावर गुरुजींनी माझ्याकडे बोट केले. मी नमस्कार केला. पण माझ्या कानात दुसरेच होते. दोन वर्षे माझ्या अंगणात, माझ्या चिंचोक्यांवर, मी त्याला एक शिकवीत होतो. दादाने फेऱ्या मोजता मोजता सहज लाभ शिकवला, आणि परीक्षेत पहिल्यांदा तोंडी आला तो लाभ. मागे वळून पाहिले तर दादा कौतुकाने हसत होता, बापाने हसावे तसे.

पौष लागला. माझ्या भाताचे भारे उडवी रचून ठेवले होते. सगळ्यांच्या मळण्या झाल्या. ओढ्यापलीकडचे खळे केलेच नव्हते, आणि खाचरातल्या खळ्यावर भात टाकले असते तर निम्मे दाणे भेगांत गेले असते. दोन दिवस आभाळ भरून आले आणि उंदरांनी उडवीला खालून भोके पाडली. मी दादाकडे गेलो. जाताना काय बोलायचे ते ठरवले होते, पण दारात पोहोचल्यावर एवढेच म्हणालो, "दादा, खळं दोन दिस पायजे."

तो म्हणाला, "आन की भारं. इचारायचं काय त्यात? तुझ्या पोराचं पाय हायेत त्या खळ्यात. निम्मं तुझंच समज."

त्याने टोमणा मारला असता तर मला बरे वाटले असते.

दोन दिवस त्याच्या खळ्यावर माझी मळणी झाली. एक दाणा मातीत गेला नाही. झाडून घेतल्यावर रास पाहिली आणि खळे पाहिले, आणि इतके चांगले खळे मी पुन्हा पाहिले नाही, हे लिहितानाही मला बरे वाटत नाही. ते खाचर मी पुढच्या पावसाळ्यात लावले नाही, शाळेलाच ठेवले. कारण मी लावले असते तर दादाने आपले रान दिले असते. अजूनही बिगरीची पोरे तिथेच नाचतात. वेल्ह्याचे ते गुरुजी पुढे सारोळ्याकडे बदलून गेले, पण नव्या गुरुजींनीही तो धडा मोडला नाही.

दुसऱ्याच्या खळ्यावर मळणी केली, की खळ्याच्या मालकाला राशीतले एक पायली भात द्यायची आमच्याकडे रीत आहे. देणारा पायली काठोकाठ भरतो आणि वर जेवढे राहील तेवढे शीग लावून देतो. दादा नको म्हणाला. भावाभावांत कसली पायली, म्हणाला. मी ऐकले नाही. पायली भरली, वरून हात फिरवून सपाट केली आणि त्याच्या घरी पोहोचवली. दिले ते एवढे: भात एक पायली, शीग न लावता, दादाला.